एफवायला पुण्यात आलोय, सर आणि सिनियरशी बोला म्हणतात सगळे, पण बोलायचं काय?

औसा_ते_पुणे
नमस्कार सगळ्यांना. मी एफवाय बीएस्सीला आहे, केमिस्ट्री मेजर म्हणजे मुख्य विषय. गाव औसा तालुक्यात, अकरावी बारावी लातूरला झाली. नीटचा स्कोअर कमी आला, रिपीट करायला घरून पैसे निघणार नव्हते म्हणून बीएस्सीला आलो. आता आलोच आहे तर मनापासून करायचंय.

अडचण अशी की लातूरला सगळं ठरलेलं असायचं, सकाळी क्लास, दुपारी टेस्ट, रविवारी पेपर आणि संध्याकाळी भिंतीवर रँक लिस्ट, आपण फक्त सांगितलं तेवढं करायचं. इथं साडेबाराला कॉलेज सुटतं आणि पुढं कुणी काही सांगत नाही. ओई (ओपन इलेक्टिव्ह), व्हीएससी (व्होकेशनल स्किल), एसईसी (स्किल एन्हान्समेंट) असे विषय घ्यायला लावले ते का घेतले हे मला आजपण माहीत नाही, पुढचा मुलगा जे भरत होता ते मी भरलं. मेंटॉर सर पहिल्या दिवशी म्हणाले की काही अडचण आली तर केबिनला या. मी तीन वेळा केबिनच्या दारापर्यंत जाऊन परत आलो, कारण आत जाऊन म्हणू काय? नेमकी अडचण काय आहे तेच मला सांगता येत नाही. वर्गातली पुण्याची मुलं लेक्चर संपलं की सरांना घेरून इंग्लिशमधे बोलतात, तिथं मी जात नाही. सिनियरपासून लांब राहा असं आई रोज फोनवर सांगते, तिला रॅगिंगची भीती. घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच, त्यामुळे घरी विचारून उपयोग नाही.

तर कुणाला विचारायचं, काय विचारायचं, आणि विचारल्यावर ह्याला एवढंपण येत नाही असं त्यांना वाटेल का, एवढं सांगा.

---

जुना_टीवाय
भावा तुझी पोस्ट वाचून मला माझं पहिलं वर्ष आठवलं. मी शहाद्याहून नाशिकला आलो होतो, सेम टू सेम अवस्था. पहिल्या सेमला कुणाला काही विचारलं नाही आणि दोन विषय राहिले. आज एका औषध कंपनीच्या क्यूसी (क्वालिटी कंट्रोल) लॅबमधे आहे आणि मला खरं काम शिकवलं ते आमच्या कॉलेजच्या लॅबच्या मामांनी, म्हणजे लॅब अटेंडंटनी, त्यामुळे सुरुवात तिथून कर असं मी सांगेन.

माझी टायट्रेशनची (एक द्रावण थेंबथेंब सोडून दुसऱ्याचं प्रमाण मोजायचं) रीडिंग कधीच जुळायची नाहीत. तीन वेळा करायचो आणि तीन वेगळी उत्तरं, मग बाजूच्याचं बघून जर्नलमधे लिहायचो. एक दिवस सगळे गेल्यावर मामा काचसामान धुवायला गोळा करत होते, त्यांना सहज म्हटलं मामा माझंच का चुकतं हो. त्यांनी माझा ब्युरेट, म्हणजे खाली कॉक (तोटी) असलेली मापाची लांब नळी, हातात घेतला, उजेडाकडं धरला आणि म्हणाले खाली बघ. कॉकच्या खालच्या टोकात हवेचा एवढासा बुडबुडा अडकलेला होता. टायट्रेशन चालू असताना तो सुटला की तेवढी जागा द्रावणानं भरते आणि रीडिंग उगाच जास्त येतं. आधी कॉक पूर्ण उघडून जोरात सोड, हवा काढ, मगच शून्यावर आण. मग म्हणाले ब्युरेट नुसत्या पाण्यानं धुऊन भरू नको, जे भरायचंय त्याच द्रावणानं एकदा खंगाळ. फ्लास्कखाली पांढरा कागद ठेव, गुलाबी रंग एकदम फिका दिसला की थांब आणि हलवून बघ टिकतो का. दहा मिनिटांत झालं सगळं. सर हे सुरुवातीला सांगतात, पण तेव्हा आपण मागं उभे असतो आणि पुढं वीस डोकी असतात. मामांनी पंचवीस वर्षं त्याच टेबलावर पोरांच्या त्याच चुका बघितलेल्या असतात.

तुला काय विचारायचं ते कळत नाही ना, मग मोठा प्रश्न विचारूच नको. "मी काय करू" याचं उत्तर कुणालाच देता येत नाही. वही उघडी घेऊन जा आणि बोट ठेव, इथपर्यंत समजलं, इथं अडलो. एवढं पुरतं, इंग्लिशपण लागत नाही.

---

स्पष्ट_बोलते
सिनियरबद्दल एक सांगते, कारण मी त्यात भाजलेय. आम्हाला कट्ट्यावरचे दादा लोक म्हणायचे अटेंडन्सचं काही होत नाही, शेवटी सगळ्यांना बसू देतात. मी ऐकलं. ७५ टक्के भरली नाही, टर्म ग्रँट होईना म्हणजे परीक्षेला बसू देईनात, बाबांना गावाहून बोलावून लेटर लिहून द्यावं लागलं. त्या दिवशी ऑफिसबाहेरच्या बाकावर बाबा टोपी हातात घेऊन बसले होते ते मी विसरू शकत नाही.

म्हणून सिनियर म्हणजे कोणता सिनियर ते बघ. जो सकाळच्या प्रॅक्टिकलला वेळेवर असतो, ज्याची जर्नल पूर्ण असते त्याला विचार. आणि आईला सांग की सगळे तसे नसतात, पण कुणी दमदाटी केलीच तर गप्प बसू नको, यूजीसीची अँटी रॅगिंग हेल्पलाईन आहे १८००-१८०-५५२२, चोवीस तास चालू असते.

---

जुना_टीवाय
@स्पष्ट_बोलते बरोबर आहे. त्यात अजून एक भर, पॅटर्न बदललाय. बऱ्याच कॉलेजात २०२४-२५ पासून नवीन शैक्षणिक धोरणाचा अभ्यासक्रम आला, त्याआधीच्या बॅचला मेजर मायनर (मुख्य आणि जोड विषय) हा प्रकारच नव्हता. त्यामुळे माझ्यासारख्यानं विषय निवडीबद्दल सांगितलेलं ऐकू नको, आमचं जुनं झालं. तुझ्याहून एकच वर्ष पुढं असलेला गाठ. अभ्यास कसा करायचा, कोणते सर कसे शिकवतात हे मात्र जुन्या लोकांनापण विचार, ते बदलत नाही.

---

रसायन_शिकवतो
मी कोल्हापूरकडच्या एका कॉलेजात शिकवतो, १९ वर्षं झाली. केबिनच्या आत बसणाऱ्याच्या बाजूनं लिहितो.

तुम्ही तीन वेळा दारातून परत गेलात हे त्या सरांना माहीतच नाही. एकेका शिक्षकाकडे वीस पंचवीस मेंटी, म्हणजे नेमून दिलेली मुलं, असतात, फॉर्म भरून घेतले जातात, आणि खरं सांगायचं तर पुढे बहुतेक मुलं येतच नाहीत. त्यामुळे जो येतो तो लक्षात राहतो, आणि चांगल्या अर्थानं राहतो. "ह्याला एवढंही येत नाही" असं मला एफवायच्या मुलाबद्दल आजवर वाटलेलं नाही. उलट टीवायच्या डिसेंबरमधे एखादा पहिल्यांदा समोर उभा राहतो आणि शिफारसपत्र मागतो, तेव्हा जीव तुटतो, कारण त्याच्याबद्दल लिहायला माझ्याकडे हजेरीच्या आकड्यापलीकडे काहीच नसतं.

याचं एक उदाहरण देतो. सायन्स अकॅडमींची समर रिसर्च फेलोशिप असते, देशातल्या तीन अकॅडमी मिळून देतात, उन्हाळ्यात साधारण दोन महिने चांगल्या संस्थेतल्या शास्त्रज्ञाबरोबर काम करायला मिळतं. एसवायला गेलात की दिवाळीच्या सुमारास तिची वेबसाईट बघत जा. त्या अर्जाला तुमच्या शिक्षकाचं पत्र लागतं. हुशार असून ही माहितीच न पोचलेली मुलं मी दरवर्षी बघतो, आणि ती जास्त करून तुमच्यासारखी खेड्यातून आलेली, न बोलणारी असतात. एमएस्सीसाठीच्या जॅम या प्रवेश परीक्षेचंही तसंच, टीवायला गेल्यावर कळतं तोपर्यंत दोन वर्षांचं बेसिक कच्चं राहिलेलं असतं.

आणखी एक, जे मुलांना कुणी सांगत नाही. तुम्हाला शिकवणाऱ्यांपैकी बरेच जण तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर असतात. त्यांना बहुधा केबिन नसते, एक तास इथे घेऊन दुसऱ्या कॉलेजकडे गाडी पळवत असतात. त्यांना शोधत स्टाफरूमला जाऊ नका, तास संपला की जिन्यापर्यंत त्यांच्याबरोबर चालत जा आणि "सर, उद्या पाच मिनिटं कधी मिळतील" एवढंच विचारा. हे लोक वयानं तुमच्या जवळचे, नेट सेट या प्राध्यापक पात्रता परीक्षांचा अभ्यास ताजा असलेले, तुमची अडचण त्यांना माझ्यापेक्षा लवकर कळते. त्यांच्या वेळेचे पैसे त्यांना मिळत नसतात हे लक्षात ठेवून विचारा, बस.

---

परळीकर
ऑफिसला विसरू नको रे. माझी महाडीबीटीची (राज्य सरकारच्या पोर्टलवरची) स्कॉलरशिप वर्षभर अडकली होती, मी रोज पोर्टल उघडून बघायचो आणि तिथं मंजूर दिसायचं पण खात्यात रुपया नाही. खिडकीवर गर्दी असते, वैतागलेले असतात म्हणून मी जायचोच नाही. शेवटी एकदा दुपारी तीनला गेलो, गर्दी नव्हती, तर स्कॉलरशिपच्या मॅडमनी दोन मिनिटांत सांगितलं की तुझं खातं आधारशी सीड नाहीये, म्हणजे सरकारी पैसे आधारवरून याच खात्यात टाकायचे अशी नोंद नाहीये, बँकेत जाऊन फॉर्म भर. आधार लिंक आणि सीडिंग हे दोन वेगळं असतं हे मला तेव्हा कळलं. तीन आठवड्यांत पैसे आले. जाताना सगळ्या कागदांची झेरॉक्स न्यायची आणि सकाळी अकराच्या गर्दीत जायचं नाही.

---

ग्रंथ_सखी
मी साताऱ्यात शिकले, कमवा आणि शिका मधून, म्हणजे कॉलेजातच काम करून खर्च भागवत. कर्मवीर अण्णांनी (भाऊराव पाटलांनी) १९४७ ला साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं तेच या कल्पनेवर. मला लायब्ररीत काम मिळालं, परत आलेली पुस्तकं नंबरप्रमाणे कपाटात लावायची. तीन वर्षं रोज तेच केलं त्यामुळे एक गोष्ट खात्रीनं सांगू शकते, लायब्ररीत काय आहे हे कपाट बघून कळत नाही, माणसाला विचारून कळतं.

म्हणजे बघ, मागच्या परीक्षांच्या प्रश्नपत्रिकांचे बांधीव गठ्ठे आमच्याकडे काउंटरच्या मागे असायचे, मागितले तरच मिळायचे. बुक बँक असायची, गरजू मुलांना अख्ख्या टर्मसाठी पुस्तकांचा संच, त्याची नोटीस एकदाच लागायची आणि चार दिवसांत संच संपायचे. आमच्या मॅडम तर कोणत्या लेखकाचं पुस्तक पहिल्या वर्षाच्या मुलांना झेपतं आणि कोणतं मुलं चार दिवसांत परत आणतात हेपण सांगायच्या, कारण देवघेवीची नोंद त्यांच्याच हातातून जायची. तू काउंटरवर जाऊन फक्त एवढं म्हण, मॅडम मी एफवाय केमिस्ट्रीचा, पहिल्या वर्षाची मुलं सगळ्यात जास्त कोणतं पुस्तक नेतात?

आणि बाबा, तुझ्या कॉलेजात कमवा शिका असेल तर चौकशी कर. खर्चाला हातभार लागतोच, पण कॉलेजच्या आतल्या माणसांत बसायला मिळतं ते मला जास्त मोलाचं वाटलं.

---

औसा_ते_पुणे
सगळ्यांचे खूप आभार, तीन आठवड्यांनी लिहितोय त्याबद्दल सॉरी, पण करून बघितल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

पहिल्यांदा लायब्ररीत गेलो, ताईंनी सांगितलेलं वाक्य जसंच्या तसं म्हटलं. काउंटरच्या काकांनी रजिस्टर बंद केलं, उठले आणि स्वतः कपाटापर्यंत आले. दोन पुस्तकं काढून दिली आणि म्हणाले हे जाड दिसतं पण आधी हे वाच, बारीक पुस्तकात नुसती उत्तरं आहेत. बुक बँक संपली होती, पण माझं नाव पुढच्या सेमसाठी लिहून घेतलं.

मग मेंटॉर सर. चौथ्यांदा गेलो आणि या वेळी वही उघडीच धरली होती, त्यामुळे परत फिरता आलं नाही. केमिस्ट्रीतल्या हायब्रिडायझेशनच्या टॉपिकवर बोट ठेवलं. सरांनी आधी गाव विचारलं, औसा म्हटल्यावर म्हणाले किल्ला आहे ना तिथं. मग खडूचा तुकडा घेऊन टेबलावरच आकृती काढली. चाळीस मिनिटं बसलो होतो. विषयांचंपण विचारलं, मायनर कोणतं ठेवावं ते. त्यांनी उत्तर दिलं नाही सरळ, म्हणाले मॅथ्स घेतलेल्या आणि फिजिक्स घेतलेल्या एसवायच्या एकेका मुलाशी बोल आणि मग माझ्याकडे ये, आणि दोन मुलांची नावं दिली. त्यातला एक निघाला उदगीरचा. तो आता मला रोज अभ्यासिकेत घेऊन जातो, मेस पण त्यानंच बदलून दिली. आईला त्याच्याशी फोनवर बोलायला लावलं, आता ती त्याचीपण चौकशी करते.

आणि लॅबचे मामा. माझ्या ब्युरेटमधे बुडबुडा नव्हता, कॉकच गळत होता. मामांनी दुसरा ब्युरेट दिला आणि सांगितलं की भरल्यावर दोन मिनिटं तसाच उभा ठेव, पातळी उतरली तर बदलून घे, लाजायचं नाही. काल तिन्ही रीडिंग जुळली, ९.८, ९.८, ९.८. जर्नलमधे पहिल्यांदा स्वतःचं लिहिलं.

एक विचारायचं होतं. दिवाळीला गावी चाललोय, सोयाबीन काढणीला हात लावायचाय. येताना आई धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी देणार आहे, त्यातलं मामांना दिलं तर चालेल का? वाईट तर दिसणार नाही?

---

ग्रंथ_सखी
अजिबात वाईट दिसत नाही. चटणी दे, टिकते. धपाटे पहिल्याच दिवशी दे.

---

रसायन_शिकवतो
तीन रीडिंग जुळल्याबद्दल अभिनंदन, फार बरं वाटलं वाचून. खाऊ जरूर द्या, पण प्रॅक्टिकलची परीक्षा दिवाळीनंतर असेल तर ती होऊन जाऊ द्या, मग द्या. मामांनाही मोकळेपणानं घेता येईल. चटणी तोपर्यंत राहील.