नैराश्याच्या गोळ्या मेंदूतल्या जोडण्या तोडतात का?

डिचोलीची लेक: आईला आठ महिने एस्सिटालोप्राम ही नैराश्याची गोळी चालू आहे. मामानं कुठंतरी वाचलं, 'या गोळ्या मेंदूच्या जोडण्याच तोडतात', आणि आईनं गोळ्या बंद केल्या. तिसऱ्या दिवशी चक्कर. मुळातला प्रयोग जर्मनीतल्या लाइपझिगचा, 2014 सालचा. 22 निरोगी माणसांना याच गोळीचा एकच डोस दिला, तीन तासांत मेंदूच्या बहुतेक भागांचा आपसातला मेळ कमी झाला. लहान मेंदू आणि मेंदूच्या मध्यातल्या थॅलॅमसमध्ये मात्र वाढला. यात तुटलं काय? स्कॅनमध्ये तारा दिसत नाहीत. दोन भागांतल्या रक्तातल्या ऑक्सिजनचा चढउतार किती जुळतो, तेवढंच कळतं. गोळ्या अशा सोडू नयेत, हे माझं ठाम मत.

म्हापसेकर: ताई, निरोग्यांचं सोडा. 2019 साली चीनमधल्या 25 गटांनी 1300 रुग्णांचे स्कॅन एकत्र तपासले. स्वतःविषयीच्या विचारांत जागं होणारं मेंदूतलं जाळं, डिफॉल्ट मोड नेटवर्क, वारंवार नैराश्य आलेल्यांत सैल, म्हणजे आपसात कमी जुळणारं, दिसलं. पहिल्याच खेपेच्या, औषध न घेतलेल्यांत तसं नव्हतं. संबंध लागला तो औषधाशी, आजाराच्या वर्षांशी नाही. मी स्वतः चार वर्षं घेतल्या. बाबांच्या दहाव्याला डोळ्यांत पाणी आलं नाही. ते सैल होणं मी भोगलंय.

डिचोलीची लेक: दादा, वाचून गलबलले. पण सैल होणं सगळ्यांनाच वाईट का? आई पहाटे तीनला उठून वीस वर्षांपूर्वीची तीच भांडणं उगाळायची. ते थांबलं. शिवाय औषध चालू असलेले बहुधा जास्त आजारीच असणार. मग दोष गोळीचा की आजाराचा, हे त्या स्कॅनवरून ठरत नाही.

वाळपईची आशाताई: दोघंही स्कॅनलाच चिकटलात. आपल्याच गोव्यात 'संगत' या संस्थेनं 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत गावातल्या साध्या माणसांना शिकवून समुपदेशक केलं. 6 ते 8 भेटी. बऱ्यापैकी गंभीर नैराश्यातही फरक पडला, 2017 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आमच्याकडे 'बांबोळीला नेलं', म्हणजे मनोरुग्णालयात, म्हटलं की सोयरीक मोडते. घरी येऊन बोलणारं माणूस चालतं.

म्हापसेकर: हेच म्हणतोय. आधी बोलणं, मग गोळी.

डिचोलीची लेक: आईला तेव्हा बोलताच येत नव्हतं, दादा. गोळ्यांनंतर महिन्यानं पहिल्यांदा तिनं तुळशीला पाणी घातलं. सोमवारी ओपीडीला जातोय. तुमचं ते न आलेलं रडू डॉक्टरांना मुद्दाम विचारीन, आणि कमी करायच्या तर हळूहळू कशा, हेही. तोवर गोळी पुन्हा चालू.