लॉग फाइली काढून टाकल्या, तरी /व्हार पार्टिशन भरलेलेच दिसते

प्रश्न

नमस्कार. आमच्या ग्रंथालयाचा एक लहान सर्व्हर डेबियन ११ वर चालतो. त्यावर /व्हार साठी २० जीबीचे वेगळे ईएक्सटी४ पार्टिशन आहे. काल सकाळी पुस्तकांच्या देवघेवीची नोंद होईनाशी झाली आणि मारियाडीबी या डेटाबेसच्या लॉगमध्ये डिस्कवर जागा शिल्लक नसल्याचा संदेश आढळला. /व्हार/लॉग मध्ये पाहिले, तर सिसलॉग आणि कर्न.लॉग या दोन फाइली प्रत्येकी सुमारे ७ जीबीच्या झाल्या होत्या. त्या मी आरएम वापरून काढून टाकल्या. त्यानंतरही डीएफ १०० टक्के वापर दाखवतो, डीयू मात्र त्याच पार्टिशनवर जेमतेम ४.६ जीबी मोजतो. या दोन आकड्यांत इतकी तफावत का पडावी? दिवसा वाचकांची वर्दळ असल्यामुळे सर्व्हर रीबूट करण्याचे शक्यतो टाळायचे आहे.

पहिले उत्तर

रीबूटची गरज नाही. आरएम फाइलीचे फक्त नाव काढतो. एखाद्या प्रोसेसने ती फाइल उघडी ठेवलेली असेल, तर तिचा आयनोड (फाइलीची माहिती ठेवणारी नोंद) आणि त्याने व्यापलेले ब्लॉक ती प्रोसेस फाइल बंद करेपर्यंत मोकळे होत नाहीत. डीयू डिरेक्टरीतील नावे धरून बेरीज करतो, म्हणून त्याला या फाइली दिसत नाहीत. डीएफ थेट फाइल सिस्टिमला विचारतो, त्यामुळे त्याच्या हिशेबात त्या आहेतच. ‘एलएसओएफ +एल१’ ही आज्ञा रूट म्हणून चालवावी, म्हणजे नाव गेलेल्या पण उघड्या असलेल्या फाइली आणि त्या धरून ठेवणाऱ्या प्रोसेस यांची यादी मिळेल. तेथे बहुधा आरसिसलॉगडी (लॉग लिहिणाऱ्या आरसिसलॉग सेवेची प्रोसेस) दिसेल. तसे असल्यास ‘सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट आरसिसलॉग’ एवढे पुरेसे आहे. देवघेवीच्या कामाला त्याने धक्का लागणार नाही.

मारियाडीबी आधी का अडले, याचेही कारण सांगून ठेवतो. ईएक्सटी४ मध्ये ५ टक्के जागा रूटसाठी राखीव असते आणि डेबियनमध्ये आरसिसलॉग रूट म्हणूनच चालतो. त्यामुळे तुमचा डेटाबेस उपाशी असताना लॉग मात्र राखीव जागेतही हात घालू शकतो.

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. यादीत आरसिसलॉगडी आणि त्या दोन्ही फाइली होत्या. सेवा पुन्हा सुरू करताच वापर २४ टक्क्यांवर आला. परंतु दोनच तासांत नवा सिसलॉग ६०० एमबीचा झाला आहे आणि कर्न.लॉगही जवळपास तेवढाच आहे.

दुसरे उत्तर

म्हणजे आतापर्यंतचा सगळा उपाय आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असाच झाला. तासाला ३०० एमबी या वेगाने एका दिवसात प्रत्येकी ७ जीबी होतात, म्हणजे तुमचा हिशेब बरोबर जुळतो. दोन्ही फाइली सारख्याच वाढत आहेत, यावरून या नोंदी कर्नलकडूनच (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडूनच) येत असाव्यात, कारण डेबियन ११ मधील आरसिसलॉगच्या मूळ मांडणीत कर्नलचे संदेश दोन्हीकडे लिहिले जातात. टेलने शेवटच्या हजार ओळी घेऊन कटने त्यांतील वेळ वगळावी आणि सॉर्ट व युनिक -सी लावावे, म्हणजे कोणती ओळ किती वेळा आली ते लगेच कळेल.

प्रश्नकर्ता

तसे केले. हजारपैकी बहुतेक ओळी पीसीआयई बसवरील (मदरबोर्ड आणि कार्ड यांच्यातील जोडणीवरील) त्रुटीच्या आहेत आणि तीव्रतेच्या जागी ‘करेक्टेड’ असे लिहिलेले आहे. उपकरण म्हणून नेटवर्क कार्ड दिसते. ‘पीसीआय=नोएईआर’ हा पर्याय कर्नलला द्यावा, असा सल्ला एका परिचितांनी दिला आहे.

दुसरे उत्तर

त्या पर्यायाने त्रुटी कळवण्याची सोयच बंद होते, त्रुटी होतच राहतात. म्हणून मी तो शेवटी वापरीन. ‘करेक्टेड’ याचा अर्थ हार्डवेअरने चूक स्वतःच सावरली, त्यामुळे माहिती लगेच बिघडत नाही; मात्र सेकंदागणिक अशी चूक होत असेल तर जोडणीत काहीतरी सैल आहे किंवा वीजबचतीची व्यवस्था त्या कार्डाला मानवत नाही. आधी सर्व्हर बंद करून कार्ड काढून नीट बसवावे, जमल्यास दुसऱ्या स्लॉटमध्ये. तरीही न थांबल्यास ही वीजबचत बंद करणारा ‘पीसीआयई_एएसपीएम=ऑफ’ हा पर्याय कर्नलला देऊन पाहावे.

तिसरे उत्तर

दोन गोष्टींची भर घालतो. पुन्हा अशी वेळ आली, तर चालू लॉगवर आरएम न चालवता ‘ट्रंकेट -एस ०’ चालवावे. नाव तसेच राहते आणि जागा तत्क्षणी सुटते. मात्र लिहिणारा प्रोग्रॅम प्रत्येक ओळ फाइलीच्या शेवटी जोडणारा असला पाहिजे. आरसिसलॉग तसा आहे. जो प्रोग्रॅम आपली जुनी जागा लक्षात ठेवून तेथूनच पुढे लिहितो, त्याच्या फाइलीत पोकळी राहते आणि एलएस पुन्हा जुनाच अवाढव्य आकार दाखवू लागतो. प्रत्यक्षात डिस्कवर तेवढी जागा गेलेली नसते, पण पाहणारा घाबरतो.

दुसरे लॉगरोटेटविषयी, म्हणजे जुने लॉग बाजूला काढून नवे सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमविषयी. केवळ ‘मॅक्ससाइझ ५००एम’ लिहून भागत नाही, कारण लॉगरोटेट मुळात दिवसातून एकदाच जागा होतो आणि मधल्या काळात फाइल कितीही वाढू शकते. त्याचा सिस्टिमडी टायमर तासाचा करावा. जर्नलडीला (सिस्टिमडीच्या स्वतःच्या लॉग सेवेला) अशी वेगळी मर्यादा घालण्याची निकड नाही. तो स्वतःहून पार्टिशनच्या १० टक्क्यांपर्यंतच, म्हणजे तुमच्याकडे सुमारे २ जीबीपर्यंतच वाढतो.

प्रश्नकर्ता

काल ग्रंथालय बंद झाल्यावर कार्ड शेजारच्या स्लॉटमध्ये बसवले. रात्रभरात सिसलॉग ३ एमबीच्या आत राहिला आहे आणि बसच्या त्रुटीची एकही ओळ नाही. टायमरही तासाचा केला आहे. जुन्या स्लॉटमध्ये बोटभर धूळ होती, हे मात्र मला आधीच पाहता आले असते.