आईला कोरियातल्या जुन्या राजांच्या समाध्या दाखवायच्या आहेत, कुठे नेऊ?

निळीशाई: आई पहिल्यांदाच माझ्याकडे सोलला येतेय, नोव्हेंबरच्या सुरुवातीला. वय ६९, गुडघे दुखतात, पण इतिहासाची जबरदस्त आवड. राजांच्या समाध्यांवरचे ते हिरवे गवताळ उंचवटे तिला बघायचेत. माझ्या हातात फक्त शनिवार-रविवार. दोघींचा प्रवास, राहणं, जेवण धरून तीन लाख वॉनच्या वर जाऊ शकत नाही. कुठे नेऊ?

भटक्या७४: ग्योंगजू, जुन्या सिल्ला राज्याची राजधानी. दुसरा विचारच नको. देरुंगवॉनमध्ये एका आवारात २३ टेकाडं आहेत, वाट सपाट. त्यातल्या चॉन्माचोंग या टेकाडाच्या तर पोटात शिरता येतं. १९७३ साली ते खणलं तेव्हा सोन्याचा मुकुट निघाला, आणि भूर्जाच्या सालीवर रंगवलेला पांढरा घोडाही. मी तीनदा गेलोय, दर वेळी जुन्या पद्धतीच्या हानोक घरात राहतो. रात्रीचे अडीच लाख पडतात, पण सकाळी दार उघडलं की समोर टेकाड! पैसे बघू नका.

निळीशाई: दादा, माझं सगळं मिळून तीन लाख आहे.

सुगरण_काकू: ग्योंगजूचं स्टेशन गावाबाहेर आहे, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. सासऱ्यांना घेऊन बसची वाट बघत उभे राहिलो, त्यात पाऊस. स्टेशनावरून सरळ टॅक्सी कर गं. आणि ह्वांगनामची पाव-बिस्किटं घे, आत लाल दाण्यांचं गोड पुरण असतं. आईला आवडेल.

इतिहासवेडा: ग्योंगजूला माझंही मत. सिल्लाच्या लोकांनी लाकडी कोठी करून तिच्यावर दगडगोट्यांची रास रचली आणि वर माती घातली. लाकूड कुजलं की गोटे आत कोसळतात, त्यामुळे चोराला भुयार काढता येत नाही. म्हणून सोनं टिकलं. ह्वांगनामदेचोंग नीट बघा, नवरा-बायकोची दोन टेकाडं जोडून १२० मीटर लांबी झालीय. सोन्याचा मुकुट बाईच्या बाजूला सापडला, पुरुषाकडे नुसता सोन्याचा मुलामा दिलेला. राजापेक्षा राणीचा मान मोठा होता का, यावर मी रात्रभर बोलू शकतो.

लाईन२चा_प्रवासी: एवढं लांब कशाला? सोलमध्येच सॉनजंगनुंग आहे, सॉल्लुंग स्टेशनपासून चालत. तिकीट १००० वॉन, सोमवारी बंद. माझं ऑफिस शेजारी, जेवणाच्या सुट्टीत रोज चक्कर मारतो. जोसॉन घराण्याच्या ४० राजसमाध्या २००९ साली जागतिक वारशात गेल्या, त्यातल्याच या. नऊ एका जागी बघायच्या तर गुरी शहरात दोंगगुरुंग आहे. तिथे पहिल्या राजाच्या समाधीवर हिरवळ नाही, त्याच्या गावाकडचं उंच गवत वाढवलंय.

भटक्या७४: पण त्यांच्या आत जाता येत नाही. ग्योंगजूला येतं. देरुंगवॉनला आता तिकीटही नाही, फक्त चॉन्माचोंगचे ३००० वॉन.

वाटाड्या: टेकाडावर पाऊल ठेवू नका. माझा मुलगा धावत चढला, रखवालदाराने शिट्टी फुंकली आणि सगळ्यांसमोर आम्हाला झापलं. आम्हाला खूप लाज वाटली. राजाचं थडगं आहे ते. आणि फोनमध्ये नावेर या कोरियन ॲपचा नकाशा घ्या, गूगलचा इथे पायी रस्ता दाखवायला कामाचा नाही.

सुगरण_काकू: आईंना भारताशी नातं असलेली जागा दाखव ना. बुसानजवळच्या गिम्हेला हो ह्वांग-ओक राणीची समाधी आहे. ती अयोध्येहून जहाजाने आली आणि सुरो राजाशी लग्न केलं. अयोध्येत २००१ साली तिचं स्मारकही झालं.

इतिहासवेडा: काकू, ही आख्यायिका आहे. राणी इ.स. ४८ मध्ये आली असं 'सामगुक युसा'त लिहिलंय, आणि तो ग्रंथ तेराव्या शतकातला. मध्ये बाराशे वर्षं गेली! त्यात नाव 'आयुता' आहे, अयोध्या हा अर्थ पुढच्यांनी लावलेला.

सुगरण_काकू: तिथले लोक तिला पूर्वज मानतात ना? मग झालं.

इतिहासवेडा: मानण्याचा आदर आहेच. पण सुरो राजाच्या गया राज्याचं खरं वैभव बघायचं तर गोर्यॉंगला जिसान-दोंग बघा, डोंगराच्या धारेवर शेकडो टेकाडं. २०२३ साली तीही वारशात आली. गुडघ्यांना मात्र चढ झेपणार नाही.

भटक्या७४: म्हणूनच म्हणतो, ग्योंगजू.

निळीशाई: सगळ्यांचे आभार. काल आईला फोनवर सगळे पर्याय वाचून दाखवले. सोन्याच्या मुकुटाचं ऐकलं, गोट्यांच्या राशीचं दोनदा विचारलं, आणि शेवटी म्हणाली, "मला त्या राणीपाशी ने. खरी असो नसो, माहेर सोडून एवढ्या लांब आलेली पोर म्हणून तिची गोष्ट दोन हजार वर्षं सांगतायत." पुढे मी काही बोललेच नाही, मी पण इथे तशीच आलेय. तर गिम्हे. वेगवान गाडी परवडणार नाही, म्हणून मुगुंगह्वा या स्वस्त, संथ गाडीने बुसानला जातोय, पाच-साडेपाच तास लागले तरी चालतील. तिथल्या सासांग स्टेशनला येऊन हलकी मेट्रो, सुरो राजाच्या समाधीच्या नावाचंच स्टेशन आहे. राणीपाशी पासा नावाच्या दगडांचा मनोराही बघू. लाटा शमवायला तिने जहाजातून आणला म्हणतात. सासांगला मेट्रो बदलताना किती जिने चढावे लागतात, कोणी गेलं असेल तर तेवढं सांगा.