सोसायटीच्या कॉम्प्युटरवर एक्सेल चालेना
(सदस्य ग्रुप, देवपूर, धुळे)

आप्पा (सचिव): सर्वांना नमस्कार 🙏 ऑफिसच्या कॉम्प्युटरवर एक्सेलची वरची पट्टी लाल झाली आहे, काहीच टाइप होत नाही. मेंटेनन्सच्या पावत्या अडकल्यात. बाजारातला एक जण म्हणतो, पाचशे रुपयांत 'चालू' करून देतो, फक्त अँटिव्हायरस थोडा वेळ बंद करावा लागेल. हो म्हणू का?

नाना (बी-१०१): पाचशेच तर मागतोय. द्या अन् मोकळे व्हा.

जिभाऊ (ए-४०१): नाना, 'आधी राखणदाराला घरी पाठवा, मग मी केळीच्या बागेत येतो' असं कोणी म्हटलं तर तुम्ही काय समजाल? चोरीचं एक्सेल चालू करणाऱ्या त्या छोट्या फाइलींतून पासवर्ड चोरणारी भानगडही आत येते. आणि आपण त्याच कॉम्प्युटरवर सोसायटीचं बँक खातं उघडतो.

आप्पा (सचिव): मग नवीन विकत घ्यायचं? मीटिंगमध्ये मंजुरी लागेल.

जिभाऊ (ए-४०१): विकत कशाला? लिब्रेऑफिस टाका. २०१० पासून आहे, पूर्ण फुकट, सोसायटीत वापरा नाहीतर दुकानात, कायदेशीर. वर्डच्या जागी रायटर, एक्सेलच्या जागी कॅल्क. तुमच्या जुन्या फाइली उघडतील. फक्त सेव्ह करताना फाइलचा प्रकार एक्सेलचाच निवडा, नाहीतर ऑडिटरकडे मांडणी बिघडू शकते आणि तुम्ही मला फोन कराल.

आप्पा (सचिव): कुठून घ्यायचं? गूगलवर टाकलं तर दहा ठिकाणी हिरवं डाउनलोड बटण दिसतंय.

जिभाऊ (ए-४०१): सगळा घोळ तिथेच होतो. सॉफ्टवेअर चांगलंच असतं, आपण उचलतो भलतीकडून. शोधल्यावर सगळ्यात वर येतं ती बऱ्याचदा जाहिरात असते. पत्ता हाताने टाइप करा: लिब्रेऑफिस डॉट ओआरजी. व्हिडिओ बघायला व्हीएलसी हवा असेल तर व्हिडिओलॅन डॉट ओआरजी. आणि इन्स्टॉल होताना 'हेही घ्या, तेही घ्या' अशा खुणा दिसल्या तर समजा की जागा चुकली.

भाचा (बी-२०४): जिभाऊ, मना लॅपटॉप भलता तापस. आते काय करू?

जिभाऊ (ए-४०१): गादीवर ठेवून वापरतोस ना? टेबलावर ठेव. धुळ्याचा मे महिना आणि वर पंख्यात धूळ, तो तापणारच. बंद करून ब्रशने जाळी साफ कर. 'स्पीड वाढवतो' म्हणणारं कुठलंही ॲप टाकू नकोस, त्यातली निम्मी स्वतःच ओझं असतात.

भाचा (बी-२०४): त्यात विंडोज टेन आहे. अकरा घेत नाही म्हणतो.

जिभाऊ (ए-४०१): टेनचे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले. फेकू नकोस. विंडोजच्या जागी चालणारं मोफत लिनक्स मिंट पेनड्राइव्हवर घेऊन त्यावरूनच चालवून बघता येतं, आतलं काही न पुसता. आवडलं तर टाकू, पण आधी फोटो दुसरीकडे काढून ठेव.

आप्पा (सचिव): लिब्रेऑफिस टाकलं. पण २०१२ ची नोटीस उघडली तर सगळं इंग्रजी गिचमिड. बिघडलं की काय?

जिभाऊ (ए-४०१): नाही आप्पा, फाइल धडधाकट आहे. ती शिवाजी किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केली असणार. त्या फाइलच्या पोटात इंग्रजी अक्षरंच असतात, फॉन्ट त्यांच्यावर मराठी अक्षराचं चित्र चढवतो. फॉन्ट नसला की चित्र गेलं, खालचं उघडं पडलं. म्हणून तर ती नोटीस ग्रुपवर चिकटवली की अशीच दिसते, आणि तिच्यात सभासदाचं नाव शोधलं तर सापडत नाही. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, त्यामुळे ते कुठेही मराठीच राहतं. जुन्या नोटिशींसाठी कन्व्हर्टर मिळतात, पण जोडाक्षरं एकदा डोळ्यांखालून घाला. नवीन सगळं युनिकोडमध्येच करा.

ताई (बी-३०२): पण मराठी टायपिंगला वेगळं सॉफ्टवेअर लागतं ना? आमच्या ऑफिसात विकत घेतलं होतं.

जिभाऊ (ए-४०१): विंडोजमध्येच आहे ताई. सेटिंगमध्ये भाषा म्हणून मराठी जोडा. इनस्क्रिप्ट, म्हणजे प्रत्येक बटणावर ठरलेलं मराठी अक्षर असलेला कीबोर्ड मिळतो, आणि २०१९ नंतरच्या विंडोजमध्ये इंग्रजी अक्षरांनी मराठी लिहायचा फोनेटिकही. विंडोजचं बटण आणि स्पेस दाबलं की इंग्रजी-मराठी अदलाबदल. रोज लिहायचं असेल तर माझं मत इनस्क्रिप्टला. आठवडाभर चिडचिड होते, पण मग 'दुसऱ्या'तला 'ऱ्या' लिहायला धडपड नाही: शिफ्ट दाबून जे, मग डी, तिरकी रेघ, ई.

ताई (बी-३०२): बघते. मुलीच्या बँक परीक्षेच्या फॉर्मला फोटो २० ते ५० केबीच मागतात. नेटकॅफेवाला दर वेळी पैसे घेतो.

जिभाऊ (ए-४०१): साधं पेंट पुरतं. रिसाइझमध्ये पिक्सेल निवडून फॉर्ममध्ये दिलेलं माप टाका, जेपीजी म्हणून सेव्ह करा. खालच्या पट्टीत किती केबी झालं तेही दिसतं. मार्कशीटची पानं जोडायला पीडीएफ ट्वेंटीफोर कॉम्प्युटरवर टाकून घ्या, इंटरनेटशिवाय चालतं. आधार आणि मार्कशीट कुठल्याही अनोळखी वेबसाइटवर चढवू नका.

नाना (बी-१०१): मला परवा फोन आला, केवायसी संपलं म्हणून. एक ॲप टाका, आम्ही इथून दुरुस्त करतो म्हणाला.

जिभाऊ (ए-४०१): टाकलं नाहीत ना? त्या ॲपने तुमची पूर्ण स्क्रीन त्याच्या हातात जाते, ओटीपीसकट. रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच अशा ॲपबद्दल बँकांना सावध केलं होतं. पैसे गेले तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

नाना (बी-१०१): नाही टाकलं. बॅलन्सच नव्हता 😀

आप्पा (सचिव): जिभाऊ, मेंटेनन्सची फाइल उघडली, बेरजाही बरोबर. फक्त थकबाकी दाखवणारं बटण चालत नाही.

जिभाऊ (ए-४०१): ते मॅक्रो आहे, म्हणजे फाइलमध्ये लिहून ठेवलेला छोटा प्रोग्राम; एक्सेलचे मॅक्रो इथे कधी चालतात, कधी नाही. वरची ओळ निवडून कंट्रोल, शिफ्ट आणि एल दाबा. फिल्टर येईल, थकबाकीच्या रकान्यात शून्यावरची खूण काढा.

आप्पा (सचिव): वा! सगळ्या थकबाकीदारांची नावं एका झटक्यात आली. ग्रुपवर टाकू का?

नाना (बी-१०१): आप्पा, टाकू नका. संध्याकाळी ऑफिसात येतो 🙏