शार्क्सची नवी पोरं: कॅम्पमध्ये नक्की बघायचं कुणाकडे?

फ्रीमाँटकर

नमस्कार मंडळी. आइस हॉकीतल्या सॅन होजे शार्क्सचा 2025 चा ट्रेनिंग कॅम्प आता तोंडावर आलाय. यंदा मी आणि माझ्या मेहुण्याने मिळून शार्क्सच्या घरच्या मैदानाची, एसएपी सेंटरची, तिकिटं घेतली आहेत, त्यामुळे 2025-26 चा हंगाम जरा मनापासून बघायचा विचार आहे. मुलगी नववीत आहे, शार्क्स आइस या रिंकवर खेळते, डिफेन्समध्ये. तिचे प्रश्न मला झेपेनासे झालेत म्हणून इथे विचारतोय.

संघ एनएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेच्या सर्वोच्च हॉकी लीगमध्ये, सलग दोन वर्षं तळाला. 2023-24 मध्ये 47 गुण, गेल्या वर्षी 52. तरी जो तो म्हणतो की शार्क्सकडे तरुण पोरांची फळी जबरदस्त आहे. सेलेब्रिनी कळतो, 18 वर्षांच्या पोराने पहिल्याच हंगामात 70 सामन्यांत 63 पॉइंट (गोल अधिक गोलसाठी दिलेले पास) केले, त्यात 25 गोल. विल स्मिथचे 45 झाले. पण हे दोघे आता होतकरू राहिले नाहीत, संघाचा कणाच आहेत. प्रश्न मागून येणाऱ्यांचा आहे: मायकल मीसा, सॅम डिकिन्सन, अस्कारोव, कान्योनी, मस्टी, चेर्निशोव. प्रत्येक यादीत क्रम वेगळा. मीसाने ज्युनियरमध्ये, म्हणजे कॅनडाच्या तरुण पोरांच्या लीगमध्ये, 65 सामन्यांत 134 पॉइंट केले, याचा एनएचएलमध्ये अर्थ काय घ्यायचा? आणि कॅम्पमध्ये बाकावर बसून माझ्यासारख्याने बघायचं तरी काय?

मोरपंखी

फ्रीमाँटकर, पहिलं काम म्हणजे याद्या बाजूला ठेवा. माझी दोन्ही मुलं ज्युनियर शार्क्समधून खेळून मोठी झाली आणि शार्क्सच्या दुय्यम संघाचे, बाराकुडाचे, सामने तर मी टेक सीयू अरीनात अजूनही बघते. तिथे एक गोष्ट डोळ्यांसमोर घडताना दिसते. ज्युनियरमध्ये खोऱ्याने गोल करणारी पोरं एएचएलमध्ये, म्हणजे बाराकुडाच्या लीगमध्ये, येतात आणि पहिल्या दोन महिन्यांत त्यांना पकच (खेळायची चकतीच) मिळत नाही. कौशल्य कुठे गेलेलं नसतं, वेळ गेलेला असतो. तिथे दोन सेकंद मिळायचे, इथे अर्धा मिळतो.

पॉइंट बघताना आधी दोन गोष्टी विचारा: तेव्हा वय काय होतं आणि शेजारी कोण होतं. चेर्निशोवचंच बघा. 2024 च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) 33 व्या क्रमांकावर घेतलेला पोरगा, खांद्याच्या दुखापतीतून उठून मागच्या हंगामाच्या मध्यावर मीसाच्या ज्युनियर संघात, सॅगिनॉला गेला आणि पॉइंटचा नुसता पाऊस पाडला. पण तो मीसाच्या लाइनमध्ये (एकत्र खेळणाऱ्या तीन आघाडीवाल्यांत) होता. मला तो आवडतो, अंगाने दणकट आहे, गोलसमोरची जागा सोडत नाही. फक्त ते आकडे एकट्याचे म्हणून वाचू नका.

आता माझं ठाम मत. शार्क्सला पुढच्या फळीची चिंता नाही. सेलेब्रिनी, स्मिथ, एकलुंड, त्यात मीसा. एवढं भांडवल फार थोड्या संघांकडे असेल. खरी अडचण मागे आहे. म्हणून या कॅम्पमधला सगळ्यात महत्त्वाचा खेळाडू माझ्या लेखी मीसा नव्हे, डिकिन्सन आहे.

2024 च्या ड्राफ्टमध्ये त्याच्यासाठी शार्क्सचा जनरल मॅनेजर माइक ग्रियरने बफलोशी सौदा करून 14 व्या जागेवरून 11 व्या जागेवर उडी मारली. गेल्या हंगामात कॅनडातल्या लंडन नाइट्सकडून 55 सामन्यांत 91 पॉइंट, त्यातले 29 गोल, वर मेमोरियल कप, म्हणजे ज्युनियरचं सर्वोच्च विजेतेपद. डिफेन्समनचे 29 गोल! पण त्या गोलांवर भाळू नका. हे बघा: विरुद्ध संघ पक आपल्या कोपऱ्यात टाकतो, डिकिन्सन पाठमोरा त्याच्यामागे जातो. पकला हात लावायच्या आधी तो मान वळवून मागे किती वेळा बघतो? एकदाही नाही, तर एनएचएलमध्ये त्याला काचेवर चेपणार. एकदा बघितलं, तर निभावेल. जो दोनदा बघतो, एकदा उजवीकडे आणि एकदा डावीकडे, त्याला पक हातात यायच्या आधीच पुढचा पास कुठे द्यायचा ते ठाऊक असतं. डिफेन्सचा अर्धा खेळ तिथेच ठरतो. दुसरं म्हणजे उलटं स्केटिंग करताना समोरच्या आघाडीवाल्याशी अंतर किती ठेवतो. घाबरलेला पोरगा मागे मागे सरकत जातो आणि निळी रेष (आपल्या हद्दीची सीमा) फुकट देऊन टाकतो. लंडनमध्ये डिकिन्सन लांब ढांगांच्या जोरावर हे अंतर कसंही भरून काढायचा. इथे मॅकडेव्हिडसारखा वेगवान खेळाडू समोर आला की ती सवय चालणार नाही.

तुमच्या मुलीला हे दोन्ही दाखवा, ती लगेच ओळखेल.

आणि एक नियम लक्षात ठेवा, कारण निवड निव्वळ गुणवत्तेवर होत नाही. कॅनडाच्या ज्युनियर लीगमधून निवडलेला 18-19 वर्षांचा खेळाडू एक तर एनएचएलमध्ये खेळतो, नाही तर परत ज्युनियरमध्ये जातो. मधला एएचएलचा दरवाजा त्याला बंद असतो. डिकिन्सन 19 चा आहे, म्हणजे बाराकुडाकडे पाठवता येणार नाही. 9 सामने खेळवून परत पाठवलं तर कराराचं वर्ष वाचतं, 10 वा सामना खेळला की मोजायला सुरुवात. लीग आणि खेळाडूंच्या संघटनेच्या नव्या करारात 2026 पासून प्रत्येक संघाला एका 19 वर्षांच्या मुलाची सवलत मिळणार आहे, पण डिकिन्सनला त्याचा काही उपयोग नाही.

त्यात ग्रियरने उन्हाळ्यात ऑर्लोव्ह, क्लिंगबर्ग, निक लेडी असे तीन अनुभवी डिफेन्समन आणून ठेवलेत. फेरारो आहेच. म्हणजे जागा कमी. तरी मी म्हणेन, त्याला ठेवा. लंडनला परत गेला तर तिथे तो सगळ्यांपेक्षा मोठा, वेगवान आणि ताकदवान असेल. चूक झाली तरी शिक्षा होत नाही तिथे नवं काय शिकणार? तिसऱ्या जोडीत खेळवा, शेजारी ऑर्लोव्हसारखा कुणीतरी द्या आणि चुका होऊ द्या.

मीसाबद्दल एवढंच: पहिला महिना बघून निकाल लावू नका. स्मिथ बोस्टन कॉलेजकडून 41 सामन्यांत 71 पॉइंट करून आला होता. गेल्या वर्षी त्याचा पहिला गोल थेट हॅलोवीनच्या रात्री झाला. सुरुवातीला त्याला लागोपाठच्या दोन रात्री खेळवतही नव्हते, अंगात ताकद भरू देत होते. राहायला तो संघाचा जुना खेळाडू पॅट्रिक मार्लोच्या घरी होता, सेलेब्रिनी थॉर्नटन या दुसऱ्या जुन्या खेळाडूच्या घरी. हंगाम संपताना स्मिथ ओळखू येत नव्हता. या संघाने घाई केली नाही, हे मला फार मोठं वाटतं. मीसाला पहिल्या वर्षी विंगवर (कडेला) खेळवावं, सेंटरचं (मधल्या जागेचं) ओझं नको.

मिडलंडवाला

मोरपंखीताई, डिकिन्सनबद्दल सगळं मान्य, पण मीसाच्या बाबतीत नाही पटत. मी मिशिगनमध्ये सॅगिनॉपासून अर्ध्या तासावर राहतो आणि या पोराला तो 15 वर्षांचा असल्यापासून बघतोय. इतक्या लहान वयात ओएचएलमध्ये, म्हणजे सॅगिनॉच्या ज्युनियर लीगमध्ये, यायला खास परवानगी लागते, ती फार थोड्यांना मिळाली आहे. 2024 मध्ये सॅगिनॉने घरच्या बर्फावर मेमोरियल कप जिंकला, त्या संघातही तो होता.

134 पॉइंट सगळ्यांनी वाचले, 62 गोलही वाचले. मी जे बघत आलो ते वेगळं आहे. पक आपल्याकडून गेला की तो थांबत नाही. बरेच गोल करणारे तिथे एक मोठं वळण घेतात, दम खातात, मग परत येतात. मीसा जागच्या जागी वळतो आणि सरळ आपल्या गोलच्या दिशेने सुटतो, मधल्या पट्ट्यातून, जिथून सेंटरने यायला हवं तिथूनच. संघात एक खेळाडू कमी असतानाही त्याला बर्फावर पाठवायचे. असा खेळाडू विंगवर ठेवला तर त्याचं निम्मं काम वाया जातं. त्याला सेंटरलाच खेळू द्या, तिसऱ्या लाइनमध्ये का होईना. सेलेब्रिनी आणि वेनबर्ग पुढे असताना अवघड जोड्या त्याच्या वाट्याला येणारच नाहीत.

एक कमतरता मात्र आहे. फेसऑफ, म्हणजे दोघांच्या मधे पक टाकून खेळ सुरू करतात ते. तिथे मोठी माणसं त्याला त्रास देतील.

मोरपंखी

मधल्या पट्ट्याचा मुद्दा चांगला आहे, तो मी कॅम्पमध्ये मुद्दाम बघेन. पण फेसऑफ हरला की पुढची वीस सेकंदं आपल्याच गोलसमोर जातात, आणि आपली बचावफळी अजून तेवढी भक्कम नाही. डिसेंबरपर्यंत विंग, मग सेंटर. यावर मी अडून राहणार.

गोलपोस्ट

गोलरक्षकाचं नाव कुणीच काढलं नाही. माझा मुलगा गोली आहे म्हणून मला राहवत नाही.

यारोस्लाव अस्कारोव 23 वर्षांचा आहे. नॅशव्हिलने 2020 मध्ये 11 व्या क्रमांकावर निवडला होता, शार्क्सने ऑगस्ट 2024 मध्ये सौदा करून आणला. गेल्या वर्षी बहुतेक काळ बाराकुडाकडे, एनएचएलमध्ये मोजके सामने. आता गोल सांभाळायला नेडेल्यकोविच आणलाय तो त्याच्यावरचा भार वाटून घ्यायला.

गोलीची सेव्ह टक्केवारी अशा संघात वाचणं म्हणजे त्याच्यावर अन्याय. समोर तीन जण मोकळे सोडले तर कुणीही असता तरी गोल गेलेच असते. दोन गोष्टी बघा. पक अंगावर आदळून कुठे जातो: समोरच्याच्या स्टिकवर की कोपऱ्यात? आणि एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला पास गेला की अस्कारोव घसरत पोचतो की उभा राहून सरकतो? तो फार चपळ आहे आणि त्या चपळाईवर त्याचा नको इतका भरवसा असतो, लवकर खाली बसतो, जागेच्या पुढे निघून जातो. हे जर शांत झालं तर आपल्याकडे पुढच्या दहा वर्षांचा गोली आहे. तो ग्लव्ह उजव्या हातात घालतो, असे गोली कमी. नेमबाजांना सगळं उलटं दिसतं, याचाही फायदा होतो.

यंदा 30 व्या क्रमांकावर घेतलेल्या रेवन्सबर्गनची घाई कुणी करू नये. साडेसहा फुटांच्या आसपासचा पोरगा आहे, गोलींना वेळ लागतोच.

फ्रीमाँटकर

सगळ्यांचे मनापासून आभार. मुलीला वाचून दाखवलं. मान वळवण्याबद्दल ती म्हणाली, "आमचे कोच हेच ओरडत असतात." आता दोन शंका. मस्टी आणि कान्योनीचं काय? आणि सरावाच्या वेळी बसायचं कुठे? टीव्हीवर दिसतं तसं मधोमध बसावं का?

मोरपंखी

मस्टी 2023 च्या पहिल्या फेरीतला, टिमो मायरला न्यू जर्सीला दिला त्या सौद्यातली निवड. आता 20 चा झाला, म्हणजे त्याला एएचएलचा दरवाजा उघडा आहे आणि त्याने तिथेच जावं. हात विलक्षण आहेत. पाय आणि पकशिवायची मेहनत तिथे तपासली जाईल. कान्योनी चौथ्या फेरीतला, 5 फूट 9 इंचाचा, आणि बाराकुडाचा पॉवर प्ले (समोरचा एक खेळाडू कमी असतानाचा खेळ) गेल्या वर्षी त्याच्याभोवतीच फिरत होता. निळ्या रेषेवर तो पक घेऊन आडवा सरकतो तेव्हा समोरचा नेम अडवायला आलेला माणूस दर वेळी एक पाऊल मागे राहतो. उंचीमुळे त्याला कुणी मोजत नाही, मी मोजते. पण आपल्या गोलसमोर दोनशे पौंडांच्या माणसाला हलवायची वेळ आली की काय करतो, ते यंदा ठरेल.

बसायचं म्हणाल तर मधोमध नको. मधून पक दिसतो, माणसं दिसत नाहीत. कोपऱ्यात, गोलरेषेच्या जरा मागे, काचेला लागून जागा धरा. पाठमोरा येणारा डिफेन्समन तुमच्याच अंगावर आल्यासारखा येतो आणि त्याचा चेहरा दिसतो. डिकिन्सन डावखुरा आहे, त्याची जोडी ज्या बाजूचा गोल सांभाळत असेल तिकडचा डावा कोपरा. तुमची मुलगीही डाव्या बाजूला खेळत असेल तर तिला तिथेच उभी करा, आणि जाड जॅकेट विसरू नका, काचेपाशी फार गारठतं.