आधी नळी चिरडून बघा
'ओढचाचणीतली ताकद संगणकातल्या मॉडेलमध्ये जशीच्या तशी भरली, तरी कार्बन फायबरची नळी टोकापासून चिरडत जात नाही, मधूनच मोडते' असं वर विचारलंय. माझ्या मते तुमच्या आकड्यांत दोष नाही. एलएस-डायना या टकरीचं गणित करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मॅट ५४ या कंपोझिटसाठीच्या पदार्थ-मॉडेलमध्ये टोकाच्या एलिमेंटची (मॉडेलच्या बारीक तुकड्यांची) रांग निकामी झाली की पुसली जाते, बल शून्याकडे कोसळतं आणि मागची रांग पूर्ण ताकदीनिशी एकदम आदळते. त्या धक्क्याने नळी भलतीकडेच मोडते. म्हणून तर 'सॉफ्ट' हा गुणक आहे: चिरडणाऱ्या कडेला लागून असलेल्या एलिमेंटची ताकद तो आधीच उतरवतो. हा काही पदार्थाचा गुणधर्म नव्हे. खरी नळी चिरडूनच तो ठरवावा लागतो, आणि एलिमेंटची जाळी बदलली की पुन्हा.

होडीच्या बाबतीत एवढ्याने भागत नाही. आम्ही वास्कोत फायबरच्या होड्या दुरुस्त करतो. धक्क्याला आपटलेल्या होडीवर बाहेरून जेलकोटला (वरच्या गुळगुळीत थराला) चांदणीसारखी बारीक चीर दिसते, बस. पण नाण्याने ठोकत गेलं की टणटण आवाज वीतभर जागेत बद्द होतो, म्हणजे आत थर सुटलेत. जाडीभर एकच शेल (पत्र्यासारखं सपाट एलिमेंट) घेतलेल्या मॉडेलला हे कधीच दिसणार नाही. थरांमध्ये कोहेसिव्ह एलिमेंट (थरांची चिकट आणि ती सुटणं दाखवणारे) घालाच, गणिताला रात्रभर लागली तरी चालेल.