सत्तरीनंतर अंगातली चरबी मोजायची कशासाठी?

पारावरचा_पाहुणा
बाबांच्या ज्येष्ठ नागरिक संघात 'मोफत तपासणी' झाली. अनवाणी काट्यावर उभं राहायचं, हातात दोन मुठी धरायच्या, की पावती बाहेर: चरबी ३४ टक्के, 'शरीराचं वय' ७९. बाबा ७१ वर्षांचे. शेजारच्या टेबलावर प्रोटीन पावडरचे डबे मांडलेले होते, हे वेगळं सांगायला नको. त्या दिवसापासून बाबांनी रात्रीचं जेवण सोडलंय.

माझं मत असं की मधुमेहाचा धोका ओळखायला या वयात कमरेचा घेर मोजायची टेप पुरते. अमेरिकेत ६५ च्या पुढच्या ४,१९३ जणांवर १९८९ ते २००७ अशी नजर ठेवली होती. बीएमआय (उंचीच्या मानाने वजन), कमरेचा घेर, यंत्राने काढलेली चरबी, काहीही घ्या. सर्वांत वरच्या पंचमांशातल्या लोकांचा धोका तळच्या पंचमांशाच्या साधारण चौपट निघाला. महागड्या मापाने जास्तीचं काय सांगितलं?

केईएम_गल्ली
साफ असहमत. तो अभ्यास तिकडचा, आपली अंगकाठी वेगळी. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक फोटो आला होता. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचाही बीएमआय २२.३. चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२! आपल्याकडे २३ लाच 'वजन जास्त' म्हणतात ते उगाच नाही. 'मी तर बारीक आहे' म्हणणाऱ्या किती मावश्या-काका मधुमेहाच्या गोळ्या घेतात, घरोघरी बघा.

पारावरचा_पाहुणा
अहो, तो फोटो बीएमआयला खोटं पाडतो, टेपला नाही. आणि ती चरबी डेक्सा स्कॅनने (चरबी वेगळी मोजणाऱ्या क्ष-किरण तपासणीने) मोजलेली होती, पावडर विकणाऱ्याच्या काट्याने नव्हे.

गुडघेदुखी_स्पेशल
फिजिओ आहे, रोज हीच मंडळी बघते. काटा चरबी मोजतच नाही. तो पायातून बारीकसा करंट सोडतो. पाणी धरून ठेवणाऱ्या स्नायूतून तो सहज जातो, चरबीतून अडतो. त्यावरून वय-उंची घालून सूत्राने अंदाज काढतात. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, पाणी कमी प्यायलं असेल, तर आकडा हलतो. पेसमेकर असलेल्यांनी तर त्यावर चढूच नये.

पण टेपवाल्यांनीही फार खूश होऊ नका. आमचे आजोबा लोक पायजम्याच्या नाडीवर टेप लावतात, म्हणजे पोटाच्या खाली, आणि वर श्वास आत ओढतात. शेवटची बरगडी आणि खुब्याचं वरचं हाड, यांच्या मधोमध लावा आणि श्वास सोडल्यावर वाचा. पुरुषांना ९० सेंमी, बायकांना ८०, ही आपल्याकडची हद्द. पाठीला बाक आला की पोट पुढे सांडतं आणि घेर वाढतो. उंची घटते म्हणून बीएमआयही फुगतो, वजन तेवढंच असलं तरी.

आणि बाबांना आधी जेवायला बसवा. जेवणानंतरची बरीचशी साखर स्नायूच ओढून घेतात. उपाशी राहून या वयात चरबीबरोबर स्नायूही झडतात.

तात्या_रोखठोक
एवढा काथ्याकूट कशाला? सरळ रक्त तपासा. उपाशीपोटी साखर १२६ किंवा एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी चाचणी) ६.५ किंवा त्याहून वर, आणि दुसऱ्यांदाही तेच आलं, तर मधुमेह. विषय संपला. धागाकर्त्याच्याच अभ्यासात ७५ नंतर लठ्ठपणा आणि मधुमेहाचा संबंध जवळजवळ निम्म्यावर येतो, ते त्यांनी सोयीस्कर गाळलंय. ऐंशीच्या माणसाच्या कमरेला टेप लावून काय दिवे लावणार?

केईएम_गल्ली
तात्या, अंगात रक्त कमी असेल तर एचबीए१सी सुद्धा फसवतं. आणि साखर चढल्यावर कळून उपयोग काय? २००२ च्या अमेरिकेतल्या मोठ्या प्रयोगात आहार-व्यायामाने मधुमेहाचं प्रमाण एकूण ५८ टक्क्यांनी घटलं, साठीपुढच्यांत ७१ टक्क्यांनी. म्हातारेच पुढे निघाले! धोका आधी कळला तरच हे जमतं.

पारावरचा_पाहुणा
तात्या, गाळलं खरं, पण बाबा ७१ चे आहेत. त्याच अभ्यासात असंही आहे की पन्नाशीनंतर ९ किलो किंवा जास्त वजन वाढलेल्यांचा धोका वजन स्थिर असलेल्यांच्या २.८ पट होता. हे कळायला काटा कशाला, कपाटातली जुनी पँट चढवून बघा.

चेन्नईकर_कुलकर्णी
इकडचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. मोहन यांच्या गटाने भारतीयांसाठी मधुमेहाच्या धोक्याचं गुणांकन केलंय, १०० पैकी. ६० किंवा पुढे धोका जास्त. वयाची पन्नाशी झाली की ३०. व्यायाम नाही आणि बैठं काम, आणखी ३०. आईवडील दोघांनाही मधुमेह असेल तर २०. कमरेच्या घेराला जास्तीत जास्त २०. म्हणजे दिवसभर टीव्हीसमोर बसलेले काका टेप न लावताच ६० वर. तुम्ही सगळे त्या उरलेल्या २० गुणांसाठी भांडताय.

तात्या_रोखठोक
कुलकर्णी, +१. पण संघातल्या लोकांना हे सांगणार कोण? पावती फुकट मिळते, चालायला कोण येतंय?